बदामावरचा खटला

माझ्या सासरी, ठाण्यास, एकदा बदामावर खटला चालला. खायच्या बदामावर नव्हे, तो आमच्याकडे फक्त आजाऱ्याला उगाळून मिळे; पत्त्यांतल्या बदामावर. आरोपी तेरा, एक्क्यापासून राजापर्यंत. न्यायाधीश माझे सासरे, म्हणजे मामंजी. आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या आम्ही दोघी: एक मी, लग्नाला थोडीच वर्षे झालेली सून, आणि दुसऱ्या माझ्या वन्सं, म्हणजे इकडच्या थोरल्या बहीण. 'इकडच्या' म्हणजे कोणाच्या हे माझ्या वयाच्या बायकांना सांगावे लागत नाही. नव्या मुली हल्ली नवऱ्याला नावाने हाक मारायच्या गोष्टी करतात, त्यांच्यासाठी सांगून ठेवते: माझ्या यजमानांच्या.

ही हकीकत मी आजवर इतक्या जणींना ऐकवली आहे की माझी सून म्हणते, आता एकदा लिहूनच काढा, म्हणजे निदान दर वेळी नवी भर पडणार नाही. सांगताना मी मामंजींचा आवाज काढते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणते आणि नसलेला घाम पदराने टिपते. कागदावर त्यातले काही उतरत नाही. तेवढे वाचणाऱ्यांनी मनानेच पाहावे.

मामंजी ठाण्याच्या कचेरीत शिरस्तेदार होते. पेन्शन झाली तेव्हा साहेब सुटला, पक्षकार सुटले, पण कचेरी सुटेना. ती त्यांनी घरी आणली. गाईने शेजारचा अळूचा वाफा खाल्ला तर गुराख्याची ओटीवर जबानी होई. मोलकरणीच्या हातून तांब्या चेपला तर तांब्या 'मुद्देमाल' म्हणून कोनाड्यात जाऊन बसे आणि निकाल लागेपर्यंत आम्ही ओंजळीने पाणी पीत असू. माणूस दुष्ट नव्हता. पण एखादी गोष्ट नुसती 'असू दे' म्हणून सोडून देणे त्यांना जमत नसे. त्यातून प्रश्न सोवळ्याओवळ्याचा असला म्हणजे तर तहकुबीवर तहकुबी.

वन्संना अकराव्या वर्षी वैधव्य आले आणि त्या आमच्या घरी परतल्या त्या कायमच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिले तेच आलवणात, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत घट्ट ओढलेला. घरातली सोवळ्याची सगळी कामे त्यांच्याकडे. पहाटेपासून पाने वाढेपर्यंत त्यांना दम खायला फुरसत नसे, आणि संध्याकाळ देवघरात जाई. पण जेवणे झाल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा जो लांबलचक वेळ असतो, त्यात त्यांचे कोणीच नव्हते. इतर बायका त्या वेळी एकमेकींकडे जात. हळदीकुंकू, बारसे, डोहाळजेवण, काही ना काही निमित्त असे. त्यातले एकही निमित्त वन्संचे नव्हते. आमच्याच घरी चैत्रातले हळदीकुंकू असले म्हणजे भिजवलेले हरभरे त्या उपसून द्यायच्या, आणि बाहेर हशा पिकला की स्वयंपाकघरातून विचारायच्या, "काय गं झालं? कशाला हसल्या?" सांगायला कोणी आत गेलेच तर तोवर बाहेर दुसरा हशा पिकलेला असे.

पत्ते आले आणि हे बदलले.

इकडची नोकरी तेव्हा कल्याणास रेल्वेच्या मालधक्क्यावर होती. कामानिमित्त मुंबईस जाणे झाले तेव्हा एका पारशाच्या दुकानातून पत्त्यांचा जोड आणणे झाले. मला खूश करावे हा हेतू, आणि मी झाले. त्या वेळच्या पत्त्यांच्या कोपऱ्यात आकडे नसत. हातातला पत्ता पुरता उघडून ठिपके मोजावे लागत, आणि आपण मोजीत असताना शेजारणीलाही मोजता येत. दुपारी माजघरात चटई पडू लागली. पलीकडच्या आळीतल्या वकिलीणबाई येऊ लागल्या, देवळाजवळच्या पुजारीणबाई येऊ लागल्या, त्यांच्यामागून आणखी एकदोघी.

खेळ बदाम सातचा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बदामाची सत्ती जिच्या हातात, तिने ती मांडायची. तिथून डाव सुरू. मग सत्तीच्या खाली छक्की, वर अठ्ठी, अशी त्या रंगाची रांग लागत जाते. इतर रंगही आपापल्या सत्तीने उघडतात. जिचे पत्ते आधी संपतील ती जिंकली. पण यातली गंमत लावण्यात नाही, अडवण्यात आहे. तुम्ही चौकटची अठ्ठी दाबून बसलात, की पलीकडे नव्वी, दश्शी नि गुलाम घेऊन बसलेली बाई नुसती तडफडते.

वन्सं अशा काही अडवायच्या! चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. वकिलीणबाई कातावून म्हणायच्या, "शिरस्तेदारांची लेक खरी. निकाल म्हणून लागू देत नाही."

"तुम्ही माझ्या पत्त्यांत डोकावायचं थांबवा, मग लावते निकाल," असे म्हणून वन्सं हसायच्या. त्या हसतात हे मला कळायला घरात पत्ते यावे लागले. चटईवर बसल्यावर कुंकू कोणाला आहे आणि कोणाला नाही हे कोणी बघत नसे. अठ्ठी कोणाकडे आहे एवढेच बघत.

आणि मग इकडच्या विद्वत्तेने घात केला.

पुरुषांची पाने मांडलेली होती. मामंजी सोवळे नेसून बसले होते, मी कढी वाढीत होते. बोलता बोलता पत्त्यांचा विषय निघाला आणि इकडून इंग्रजीचे प्रदर्शन मांडणे झाले. "बाबा, यातल्या प्रत्येक रंगाला इंग्रजीत अर्थ आहे. चौकट म्हणजे हिरा. किलवर म्हणजे सोटा. इस्पिक म्हणजे कुदळ. आणि बदाम म्हणजे बदाम नव्हेच मुळी. ते काळीज."

मामंजींचा घास हातातच राहिला.

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे... असंच. माणसाचं असेल."

"माणसाचं."

"किंवा बोकडाचं," अशी दुरुस्ती करणे झाले, जणू तेवढ्याने मामंजींना बरे वाटणार होते.

सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. "अगंबाई! आणि मी तो जोड फडताळात लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवते!"

लोणचे गेले. बरणी गेली. फडताळ शेणाने सारवून निघाले. आणि आचवताना मामंजींनी पहिला हुकूम दिला: तेरा बदाम वेगळे काढावेत, चौकशी पुरी होईपर्यंत त्यांना कोणी शिवू नये, बाकीच्या पत्त्यांवर आरोप नाही, ते घरात राहण्यास मोकळे. चौकशीअंती गुन्हा शाबीत झाल्यास सगळा जोड खाडीत जाईल. चुन्याच्या मोठ्या रिकाम्या डबीत आरोपी बंद झाले, डबीला सुतळी बांधली गेली आणि ती मागच्या पडवीत खुंटीवर लटकली.

उरलेल्या पत्त्यांवर खेळून पाहिले आम्ही. चौकटपासून सुरुवात केली. पण एक रंग गेला की हात भरत नाही, अडवायला जागा राहत नाही, वकिलीणबाई म्हणाल्या, "हे म्हणजे मीठ न घातलेलं पिठलं." त्यात गावात बोभाटा झाला की शिरस्तेदारांकडे काळजाचे पत्ते निघाले. पुजारीणबाईंच्या घरी देवाचे सोवळे. त्यांचे येणे थांबले. आणखी एकदोघी पुजारीणबाईंच्या मागे गेल्या. शेवटी वकिलीणबाईंचेही पापड निघाले, आणि ते पापड काही केल्या संपेनात.

वन्संनी वाती वळायला घेतल्या. रोज दुपारी माजघराच्या दाराशी बसून वाती. साध्या वाती, फुलवाती. डबा भरला, परडी भरली. आमच्या देवांनी दिवसरात्र जाळल्या असत्या तरी पुऱ्या पडल्या असत्या. एक दिवस त्यांनी हातातला कापूस बाजूला ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, बदाम सोडवायचा."

"कसा हो वन्सं?"

"कसा ते कचेरीत ठरेल. पण सोडवायचा. मी काही जन्मभर वाती वळायची नाही."

तो स्वर मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. मला एकदम जोर आला. मी म्हटले, "मग मी पुरावा आणते."

पुरावा आमच्या परसात होता. कुंपणाला लागून जंगली बदामाचे झाड होते, आपल्याकडे असते तेच, हातभर पानांचे. त्याचे पिकलेले फळ तांबूस होते आणि म्हातारे पान तर लालभडक. मी दोन्ही आणली, पाटावर मांडली. सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायचे नाही हा रिवाज, तेव्हा मी दाराआड उभी राहिले आणि सासूबाई दुभाषी झाल्या.

"ती म्हणते," सासूबाई म्हणाल्या, "हा आपला साधा बदाम आहे. पिकला की लाल होतो."

मामंजींनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. फळ हातात घेऊन फिरवून पाहिले. छत्रीच्या टोकाने डबीतला एक्का बाहेर ओढला आणि शेजारी ठेवला.

"रंग मान्य," ते म्हणाले. "आकार अंशतः मान्य. खाच कुठे?"

"काय कुठे?"

"खाच! पत्त्यावरच्या चिन्हाला माथ्यावर खाच आहे. फळाला नाही. तिला विचार, खाच कुठून आली?"

सासूबाई वळल्या. "अगं, खाच कुठून आली?"

मी काय सांगणार? मी म्हटले, "म्हणावं, वटवाघळाने खाल्ली असेल." सासूबाईंनी ते इमानाने पोचवले. मामंजींनी सुनावणी तहकूब केली.

पण खाचेचा प्रश्न सासूबाईंना असा चावला की त्यांनी तो कुंपणापलीकडे नेला. आमच्या परसाला लागून एका ख्रिस्ती घराण्याची मोठी वाडी होती, आंब्यानारळांची. तिथली मालकीण म्हातारी होती, तिला सगळे वाडीवाली बाय म्हणत. सासूबाई आणि ती अनेक वर्षे कुंपणाशी उभ्या राहून एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत आल्या होत्या. बायला बदामाचे समजताच ती ताडकन म्हणाली, "म्हंजे? तो बदाम नाय न् काळीज पन नाय. थांबा, मी येतंय शिरस्तेदारांपुढं." आणि खरोखर आली, ठेवणीतले लुगडे, कानात भोकरे, हातात रुमालात बांधलेले काहीतरी.

अंगणात तुळशीपासून दूर एक दगड होता, त्यावर तिने रुमाल सोडला. आत पत्ते होते. तिच्या आजाचे, गोव्याहून आलेले, अरुंद, कडा झिजून मऊ झालेल्या. मामंजी पडवीच्या कडेला पाट घेऊन बसले, डबीतला एक्का पुन्हा छत्रीने पुढ्यात ओढून. आम्ही दोघींनी दाराआडून माना काढल्या.

"यो बघा," बाय म्हणाली. "आमच्या पत्त्यात यो कोप. पेला. तुमचा बदाम तो योच, इंग्रजान् सुरत बदलली त्याची. वर रुंद, खाली निमुळता. न् ती तुमची खाच ती पेल्याचं तोंड."

मामंजींनी दगडावरचा पेला पाहिला, छत्रीच्या टोकाशी पडलेला एक्का पाहिला. त्यांचा चेहरा उजळला. "खाच मान्य!"

मग बायने बाकीचे मांडले. एका रंगावर तलवार होती; तिला ती 'एस्पाद' म्हणाली, आणि आपला इस्पिक कुठून आला ते मला दाराआड उभ्या उभ्या कळले. इकडून कुदळ सांगणे झाले होते; ही तर तलवार निघाली. एका रंगावर नाणी, तीच आपली चौकट, आणि एकावर सोटे. "आजा माझा सांगं," बाय म्हणाली, "पेला पाद्रीचा, तलवार सरदाराची, नानं यापाऱ्याचं, न् सोटा शेतात राबनाऱ्याचा. चार जातींची मानसं, म्हनून चार रंग."

मामंजी पाटावरून अर्धे उठलेच. "चातुर्वर्ण्य! अहो, हे तर चातुर्वर्ण्य! तलवार क्षत्रिय, नाणे वैश्य, सोटा शूद्र, आणि बदाम... बदाम ब्राह्मण! लिहून घ्या!" लिहून घ्यायला कारकून नव्हता, जुन्या सवयीने ओरडले. वन्संनी माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. खटला जिंकलाच होता. मामंजी आता निकाल देणार, डबीची सुतळी सुटणार.

तेवढ्यात सासूबाईंनी, केवळ गृहिणीच्या चौकसपणाने, विचारले, "पण बाय, त्या पेल्यात असतं काय गं?"

"मिस्साची वाईन, दुसरं काय?"

"म्हणजे?"

"दारू गो. पन चांगली."

मामंजी हळूहळू पाटावर खाली बसले. काळजाचे आरोपी होते ते दारूचे झाले होते, आणि तीही ब्राह्मणाच्या हातात. बाय आपले पत्ते रुमालात बांधून मोठ्या समाधानाने निघून गेली. साक्ष फार चांगली झाली असेच तिला वाटत होते.

"निकाल रविवारी," मामंजी म्हणाले. तो काय असणार हे सांगायला शिरस्तेदार लागत नव्हता. मी वन्संना म्हटले, "गेले हो पत्ते."

"निकाल लागला का?" वन्संनी विचारले.

"नाही, पण..."

"मग नाही गेले."

रविवारी मामंजींचे दोन जुने स्नेही गंजिफा खेळायला येत. तो खेळ घरात मान्य होता. सावंतवाडीचा दशावतारी जोड, गोल, रोगण दिलेले पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग. दिवसाचा डाव म्हणून आरंभ रामाच्या राजापासून व्हायचा आणि ते तिघे त्याला नमस्कार करूनच पत्ता टाकीत. स्नेही यायच्या आत निकाल देऊन मोकळे व्हावे असा बेत होता. मामंजी ओटीवर बसले होते, शेजारी गंजिफ्याची पेटी उघडी होती आणि पुढ्यात चुन्याची डबी. सासूबाई उंबरठ्याशी होत्या. इकडची स्वारी खांबाला टेकून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत उभी होती.

वन्सं ओटीवर आल्या.

वाचणाऱ्यांना यात विशेष वाटणार नाही. पण त्या घरात त्या रस्त्याच्या बाजूला कधी येत नसत. त्या आल्या, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मला उलटतपासणी करायची आहे."

इतकी वर्षे दाराआडून ऐकत असणार सगळे! मामंजींनी चष्म्यावरून पाहिले. "कोणाची? साक्षीदार तर गेले."

"तुमची."

मामंजींचे तोंड उघडले ते मिटेना. पण उलटतपासणी नाकारणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी पंचा सारखा केला. "विचार."

"हा गंजिफा कसला?"

"दशावतारी."

"पहिला रंग कोणता?"

"मत्स्य."

"त्याच्या पत्त्यांवर काय काढलं आहे?"

"मासे."

"एकादशीला खेळता?"

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंनी छताकडे पाहिले. "खेळतो."

"म्हणजे एकादशीला हातात मासे चालतात."

"अगं, तो अवतार आहे! तो खायचा मासा नव्हे!"

"मग हे खायचं काळीज आहे असं कोणी ठरवलं?"

खांबापाशी खोकला झाला. मामंजी म्हणाले, "बरं, काळीज सोड. पेल्याचं काय?"

"वामनाच्या रंगाची खूण कोणती?"

"कमंडलू."

"त्यात काय आहे?"

"पाणी. दुसरं काय असणार?"

"पत्त्यावर दिसतं?"

"दिसायला कशाला हवं? वामन ब्राह्मण बटू. ब्राह्मणाच्या भांड्यात पाणीच असायचं!"

"आणि बदाम कोण?"

मामंजी डबीकडे बघू लागले.

"तुम्हीच सांगितलंत, बाबा. लिहून घ्या म्हणालात. आईने ऐकलं, वहिनींनी ऐकलं."

दाराआडून मी मोठ्याने म्हटले, "ऐकलं!" सासऱ्यांशी मी सरळ बोललेला तो माझा पहिला शब्द. तोंडातून गेल्यावर मीच दचकले.

मामंजींनी चष्मा काढला. चष्म्यावाचून ते एकदम म्हातारे दिसत. म्हणाले, "एवढी भांडतेस ती कागदाच्या तुकड्यांसाठी?"

"सकाळ कामात जाते, बाबा. संध्याकाळ देवापाशी जाते. मधली दुपार कुठे ठेवू ते सांगा. मग पत्ते मी माझ्या हाताने खाडीत टाकते."

आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हते. उत्तर पाहिजे म्हणून त्या उभ्या होत्या, आणि उत्तर मिळेपर्यंत हलणार नव्हत्या. मामंजींनी डबीवरची सुतळी सोडायला घेतली. गाठ मीच मारली होती, घट्ट. बराच वेळ लागला.

"आरोपी निर्दोष," ते म्हणाले. "मात्र या घरात त्यांना बदामच म्हणायचं. काळीज म्हणणाऱ्याला," आणि इथे त्यांनी खांबाकडे पाहिले, "कढी मिळणार नाही. दुसरं, मुद्देमाल मी स्वतः पारखून घेईन."

बदाम हे नाव या रंगाला कोणी ठेवले याचा मी पुढे फार शोध घेतला. किलवर साहेबाच्या बोलीतून आला, इस्पिक फिरंग्यांच्या तलवारीतून आला, चौकट तर आपल्या खिडकीचीच आहे. बदामाचा पत्ता कोणाला सांगता येत नाही. माझी आपली खात्री आहे, ते एखाद्या बाईने ठेवले असणार. सासऱ्यांना काळीज कळू नये म्हणून.

तर मामंजी मुद्देमाल पारखायला बसले. माजघरात, चटईवर, जेवण झाल्याबरोबर. सासूबाई, वन्सं, मी आणि ते. मी अर्ध्या पदराआड, पत्ते नाकापर्यंत धरलेले. खेळ त्यांना एका डावात समजला आणि दुसऱ्या डावात आवडला. तिसऱ्याला ते मांडी ठोकून म्हणाले, "गंजिफ्यात हे नाही हो!" दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी जेवण आटपायची घाई करू लागले. रविवारच्या स्नेह्यांना पोटदुखीचा निरोप गेला.

आणि बायका? बदाम सुटल्याचे समजून वकिलीणबाईंचे पापड तत्काळ संपले होते. पुजारीणबाईंनीही मनावर घेतले होते. पण मागच्या दाराने यायचे, माजघरात शिरस्तेदार मांडी घालून बसलेले पाहायचे, जीभ चावायची आणि पावले न वाजवता परत फिरायचे. परक्या पुरुषमाणसापुढे कोण बसणार?

"खटला जिंकलो आणि दुपार गेली," मी म्हटले. "आता त्यांना सांगणार कोण?"

वन्सं पत्ते पिसत होत्या. "सांगायचं नाही. अडवायचं."

त्या दुपारी त्यांनी बापाला जे अडवले ते मी विसरणार नाही. मामंजींच्या हातात चौकटची वरची सगळी माणसे असावीत. ते पुन्हा पुन्हा रांगेकडे बघत आणि रांग सत्तीशी थांबलेली. सासूबाई पास, मी पास. वन्सं शांतपणे किलवर लावीत, इस्पिक लावीत.

"अठ्ठी कोणाकडे आहे?" मामंजींनी विचारले.

वन्संनी पत्ते छातीशी धरले.

"तू अडवते आहेस."

"हो."

"बापाला?"

"डावात बाप कुठला, बाबा?"

ते हरले. पुन्हा वाटले, पुन्हा हरले. मग एकदा किलवर अडकला आणि डाव कुणालाच पुढे नेता येईना. त्या स्तब्धतेत मागच्या दाराशी पाटल्या किणकिणल्या. वकिलीणबाईंच्या, त्यांच्या पाटल्या जाड होत्या. किणकिण थांबली, आणि हलकेच लांब गेली. मामंजींचे कान शिरस्तेदाराचे. त्यांनी दाराकडे पाहिले, चटईवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि हातातले पत्ते पालथे ठेवले.

"रोज येऊन परत जातात?"

"हो," वन्सं म्हणाल्या.

"मी बसतो तेव्हापासून?"

"हो."

"मग तसं सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चौकशी लावली असती."

मामंजींच्या मिशा हलल्या. "लावली असती," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. ओटीवर गेले, पंचा अंथरला आणि आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुकारले, "मी निजलो आहे! मला आता काही ऐकू येत नाही!"

मी मागच्या दाराकडे धावले. वकिलीणबाई विहिरीपाशीच घोटाळत होत्या, मागे पुजारीणबाई. दोघी लगबगीने आत आल्या, येता येताच, "काय झालं? कशाला ओरडले?" वन्सं त्यांना जागा करून देत मामंजींचे पालथे पत्ते गोळा करीत होत्या. एक पत्ता त्यांनी उलटून पाहिला आणि तशाच थांबल्या.

"वहिनी, हे बघा. किलवरची छक्की. माझ्या हातात पंजी, चौकी, तिर्री, आणि हे सगळा वेळ ही दाबून बसले होते!"

वकिलीणबाईंनी लगेच त्यांच्या खांद्यावरून मान घातली. "बघू, बघू."

"तुम्ही आधी मागे सरका," वन्सं म्हणाल्या, आणि तो पत्ता पदराने पुसून जोडात घालून पिसायला बसल्या.